स्नोमोबाइल : सपाटीवरची आणि डोंगरावरची

दाबाचा धडा शिकवताना उंटाचे पसरट पाय, दप्तराचे रुंद पट्टे आणि सुरीची धार ही तीन उदाहरणे आपण सगळेच देतो. वर्षानुवर्षे देऊन ती जरा गुळगुळीत झाली आहेत. म्हणून या वेळी आम्ही चौथे उदाहरण आणले आहे, ते बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइलचे. गुलमर्गला सहलीला जाऊन आलेल्यांनी ती 'स्नो-स्कूटर' या नावाने पाहिली असेल, पैसे मोजून दहा मिनिटे तिच्यावर बसलेही असतील. पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि मोटारसायकलसारखे हँडल, एवढाच तिचा थाट. या यंत्राची कथा म्हणजे 'दाब बरोबर बल भागिले क्षेत्रफळ' या सूत्राची कथा असेल, अशा समजुतीने आम्ही वाचायला बसलो. निम्मी कथा तशीच निघाली. उरलेली निम्मी मात्र सूत्राच्या बाहेर गेली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

आधी बर्फाबद्दल थोडे. आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फच म्हणतो. आपल्याकडे दोन्हींचा संबंध क्वचित येतो, तेव्हा एका शब्दावर भागते. पण फ्रीजमधल्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम, तर नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची पन्नास ते शंभर किलोग्रॅम. म्हणजे ताज्या हिमाच्या ढिगात सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक जागा हवेची असते. त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो आणि मोटारीची चाके जागच्या जागी गरगर फिरत राहतात. कोकणात किंवा भंडाऱ्याकडे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची रुंद चाके लावलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

चाकाऐवजी पट्टा वापरायची कल्पना तशी जुनी. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणाऱ्या आडोल्फ केग्रेस या फ्रेंच तंत्रज्ञाने पहिल्या महायुद्धापूर्वीच मोटारीच्या मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टे आणि पुढे स्की लावून पाहिले होते. क्रांतीनंतर लेनिन यांच्या वापरातली रोल्स-रॉइस गाडीही अशाच पट्ट्यांवर चाले. ती आज मॉस्कोजवळच्या गोर्की येथील संग्रहालयात आहे. केग्रेस पुढे फ्रान्सला परतले. त्यांच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या सिट्रोएन मोटारी १९३१ साली श्रीनगरहून हिमालय ओलांडत गिलगिटपर्यंत गेल्या होत्या.

पण या सगळ्या जड मोटारी होत्या. हिवाळ्यात गावोगाव वापरता येईल असे वाहन मिळायला एका खेड्यातला कारागीर आणि एका मुलाचा मृत्यू कारण ठरला.

जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांचा जन्म १९०७ सालचा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचा. पंधराव्या वर्षी, १९२२ च्या वर्षअखेरीस, त्यांनी फोर्ड मोटारीचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवले, त्याला विमानासारखा पंखा जोडला आणि भावाला पुढे सुकाणूला बसवून ती गावातून पळवली. उघड्या फिरत्या पंख्याची धास्ती घेऊन वडिलांनी ती मोडायला लावली. (वडिलांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.) पुढे त्यांनी गावात गॅरेज टाकले. त्या काळी क्वेबेकमधल्या खेड्यांचे रस्ते हिवाळ्यात बंदच पडत. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, ॲपेंडिक्सचा विकार झाला. इस्पितळ होते, पण रस्ते बर्फाखाली होते. प्रयोगात असलेली गाडी अजून चालण्याजोगी झालेली नव्हती. मूल दगावले.

पुढच्याच वर्षी बोम्बार्डिए यांनी रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा सिद्ध केला. १९३७ साली त्याचे पेटंट मिळाले. सात माणसांची 'बी-७' आणि मागाहून बारा माणसांची 'बी-१२' अशा बंदिस्त गाड्या निघाल्या. त्यांतून टपाल गेले, रुग्ण गेले, शाळेची मुले गेली. मग १९४८ साली प्रांत सरकारने ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही मोकळे ठेवायचे ठरवले आणि या गाड्यांचा बाजार बसला. ज्या अडचणीवर यंत्र काढले ती अडचणच संपली, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते.

एकट्यादुकट्याने बसायची छोटी गाडी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात त्याआधीच जन्मली होती. कार्ल इलायसन यांच्या पायात जन्मापासून व्यंग होते आणि बर्फात शिकारीला निघालेल्या मित्रांबरोबर त्यांना चालवत नसे. १९२४ साली त्यांनी लांब घसरगाडीवर होडीचे छोटे इंजिन चढवले. तिला १९२७ साली पेटंट मिळाले. मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावी हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन यांच्या शेतीअवजारांच्या कारखान्यात १९५६ साली अशीच एक गाडी तयार झाली. पोलारिस कंपनीची ती सुरुवात. बोम्बार्डिए यांची छोटी गाडी १९५९ साली आली. तिचे नाव 'स्की-डॉग' ठेवायचे होते, कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारी म्हणून. लिहिण्या-छापण्यातल्या चुकीने ते 'स्की-डू' झाले आणि तेच राहिले, असे सांगतात. सुरुवातीची एक गाडी बोम्बार्डिए स्वतः उत्तर ऑन्टॅरिओतल्या एका मिशनऱ्याकडे घेऊन गेले होते. १९६४ साली ते वारले.

आता दोन गाड्या शेजारी ठेवून पाहू, कारण 'गाडी हाताला कशी लागते' हा प्रश्न इथून सुरू होतो. पोलारिसच्या पहिल्या गाड्यांचे इंजिन मागे होते. गाडी दणकट, ओझे ओढायला उत्तम. १९६० साली एडगर हेटीन त्या घेऊन अलास्कात बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत सुमारे बाराशे मैल गेले. पण मऊ बर्फात वजनदार शेपूट खाली बसे आणि नाक वर होई. स्की हवेत गेल्यावर हँडल फिरवून उपयोग काय? स्की-डूचे इंजिन पुढे होते, गाडी हलकी होती आणि पट्टा एकसंध रबराचा. ती वळे. साठीच्या दशकातच पोलारिसनेही इंजिन पुढे आणले. त्या दशकाच्या अखेरीस, १९ एप्रिल १९६८ रोजी, मिनेसोटाचे विमाव्यावसायिक राल्फ प्लेस्टेड स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचले, आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्यांच्या जागेची खात्री केली. मग लाटच आली. शंभरावर कारखाने ही यंत्रे काढू लागले. त्यांतले बहुतेक सत्तरीच्या दशकात बुडाले.

ही सगळी यंत्रे सपाटीची होती. क्वेबेक, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या प्रदेशांत गोठलेली तळी, शेते आणि दाबून कडक केलेल्या वाटा. तिथे स्कीच्या तळाची पोलादी कड बर्फात रुतते आणि हँडल फिरवले की गाडी वळते. वळणावर ती कलंडू नये म्हणून दोन स्कींमधले अंतर जास्त ठेवायचे. आजही वाटेवरच्या गाडीत ते बेचाळीस इंचांच्या आसपास असते. गुरुत्वमध्य खाली आणि पाया रुंद म्हणजे स्थिर; पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे.

हीच गाडी पश्चिमेकडे, रॉकी पर्वतात नेली की सारे उलटे होते. तिथे मीटर-दीड मीटर कोरडे, पिठासारखे हिम पडलेले असते. स्कीला रुतायला कडक काही नसते, त्यामुळे हँडल फिरवून गाडी वळत नाही. आडव्या उतारावरून जाताना रुंद पायाची स्थिर गाडी उताराला समांतर बसते आणि उताराशी इमान राखून खाली घसरत जाते. त्यात तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच असतो, म्हणून इंजिनाची ताकदही जवळजवळ तेवढीच उरते.

पहाडी भागातल्या हौशी लोकांनी पहिला उपाय स्वतःच केला. गाडीचा मागचा भाग कापून लांबवला आणि लांब पट्टा चढवला. ऐंशीच्या दशकात १२१ इंच घेराचा पट्टा सर्वसाधारण होता. कंपन्यांनी हे पाहिले आणि खास डोंगरी गाड्या काढल्या. १९९४ च्या हंगामात स्की-डूची 'समिट' १३६ इंची पट्टा घेऊन आली. १९९६ मध्ये पोलारिसची 'आर एम के', म्हणजे 'रॉकी माउंटन किंग'. पुढे १५१, १६५ आणि १७४ इंचांपर्यंत मजल गेली. पट्ट्यावर आडव्या रबरी फळ्या असतात, त्या वल्ह्यासारखे बर्फ मागे लोटतात. त्यांची उंची पाऊण-एक इंचावरून अडीच-तीन इंच झाली.

हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. घेर १२१ वरून १६५ इंच केला, म्हणजे ४४ इंच वाढवले. पण पट्टा वर-खाली दुमडलेला असल्याने जमिनीवर त्याची निम्मीच वाढ येते. जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने ४८ इंचांवरून ७० इंच होतो. पट्ट्याची रुंदी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर. आखूड गाडी आणि स्वार मिळून ३२० किलो धरले, तर दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ६९ ग्रॅम येतो. लांब गाडी स्वारासह ३५० किलो धरली, तरी ५२ ग्रॅमच. सत्तर किलोचा माणूस एका पावलावर, समजा २०० चौरस सेंटिमीटरवर, उभा राहिला तर ३५० ग्रॅम. साडेतीनशे किलोचे यंत्र तरंगते आणि शेजारी उतरलेला स्वार कमरेपर्यंत रुततो, याचे मुलांना मोठे नवल वाटते. आम्ही परातीत मैदा चाळणीने भुरभुरून त्यावर एकच वजन आधी लहान आणि मग मोठ्या पुठ्ठ्यावर ठेवून दाखवले. मैदा सांडतो, पण प्रयोग चुकत नाही.

लांबीची किंमत मात्र मोजावी लागते. लांब पट्टा सरळ रेषा धरून बसतो. वळू पाहणाऱ्या लांब वस्तूला बाजूचे बर्फ अधिक दूरवर ढकलावे लागते. होडी आणि लांब पडाव यांत हाच फरक. शिवाय चढावर वजन मागे जाते आणि स्की आणखी हलक्या होतात. तरंगण्याचा प्रश्न सुटला आणि वळण्याचा प्रश्न वाढला.

त्यावर निघालेला तोडगा आम्हाला या इतिहासातला सर्वांत रंजक भाग वाटतो, कारण तो पाठ्यपुस्तकातल्या स्थैर्याच्या विरुद्ध जातो. डोंगरी गाडी मुद्दाम अस्थिर करण्यात आली. स्कींमधले अंतर कमी करून पस्तीस-एकोणचाळीस इंचांवर आणले, गाडी सहज एका कुशीवर कलावी म्हणून. कललेल्या पट्ट्याची एकच कड बर्फात रुतते आणि गाडी त्या बाजूला वळू लागते. सुकाणूचे काम स्कीकडून पट्ट्याकडे आणि स्वाराच्या देहाकडे आले. आडव्या उतारावरून जाताना चढ उजवीकडे असेल, तर स्वार उजव्या पायरीवर उभा राहतो, सगळे वजन चढाकडे टाकतो, डावी स्की हवेत उचलली जाते, आणि हँडल मात्र तो किंचित डावीकडे, उताराकडे, धरून ठेवतो. कललेला पट्टा गाडीला वर ओढतो आणि स्की तिला खाली नेऊ पाहते. दोहोंच्या ओढाताणीत गाडी सरळ जाते. नवखा माणूस घाबरून हँडल चढाकडे फिरवतो. त्याबरोबर तोल मोडतो, गाडी सपाट होते आणि खाली घसरू लागते.

आता बसण्याची जागा. जुन्या गाडीत स्वार मागे, आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे पसरून बसे. स्की-डूने २००३ च्या 'रेव्ह' या गाडीत त्याला पुढे सरकवले आणि पाय गुडघ्यांखाली आणले. हा बदल उड्यांच्या शर्यतींसाठी होता. पण इंजिन, स्वार आणि इंधन गाडीच्या मध्याजवळ आल्याने जडत्वाचे परिबल कमी झाले. हात पसरून गिरकी घेणारी नर्तकी हात छातीशी घेते, तेव्हा होते तेच. गाडी पटकन कलू लागली आणि उभ्याने चालवता येऊ लागली. दुसऱ्याच वर्षी ती रचना डोंगरी गाडीत आली, आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही स्वाराला पुढे घेतले.

अलीकडच्या तीन डोंगरी गाड्या ताडून पाहिल्या, तर एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिसतात. पोलारिसने २०११ च्या 'प्रो-आर एम के'पासून वजन घटवण्यावर भर दिला. इंधनाविना सुमारे दोनशे किलो आणि ताठ सांगाडा. स्वार जे करील ते गाडी लगेच करते, पण त्याला सतत काहीतरी करत राहावे लागते. स्की-डूने २०१३ मध्ये मागच्या आधारयंत्रणेत एक गोल सांधा घातला, त्यामुळे पट्टा सांगाड्याच्या मानाने थोडा आडवा कलू शकतो. पट्ट्याच्या कडाही लवचीक केल्या. ती कमी जोरात कलते. आर्क्टिक कॅटने २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन पट्ट्याखालच्या दोन दांड्यांऐवजी मधोमध एकच दांडा ठेवला. ही गाडी खोल हिमात फारच सहज कुशीवर येते. पण बर्फ कडक आणि उतार आडवा असेल तेव्हा तोच लवचीकपणा नडतो; कड धरून ठेवायला दोन दांड्यांची ताठ गाडी बरी पडते. यांत चांगली कोणती, हा प्रश्न बर्फ कोणता हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. गुलमर्गच्या दाबलेल्या पटांगणावर या तिन्हींपेक्षा जुनी, रुंद, सुस्त गाडीच पर्यटकाला सोयीची.

ताकदीचा प्रश्नही सुटत गेला. १९५९ च्या स्की-डूचे इंजिन सात अश्वशक्तीचे होते. आज १६५ अश्वशक्तीचे असते, आणि २०२० पासून टू-स्ट्रोक इंजिनालाही हवा दाबून भरणारा टर्बो कारखान्यातूनच बसवून येऊ लागला, त्यामुळे विरळ हवेचाही अडसर बराच कमी झाला.

परिणाम असा की, पूर्वी दहा वर्षांच्या सरावाने जिथे जाता येई, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातच माणसे पोचू लागली. हे उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचे असतात. हिमस्खलने बहुतेक याच उतारांवर होतात.

इथे विद्यार्थ्यांचा (आणि आमचाही) एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिनाच्या आवाजाने हिमकडा कोसळतो हे सिनेमात ठीक आहे; प्रत्यक्षात आवाजाने बर्फात पडणारा ताण नगण्य असतो. कोसळवतो तो भार. हिम थराथराने साचते आणि एखादा खालचा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा, कमजोर राहतो. त्यावर वरून पुरेसा भार आला की तो मोडतो आणि वरची सगळी लादी सुटते.

पण गाडीचा दाब तर इतका कमी होता! आमचे सूत्र इथे अपुरे पडले. आपण काढला तो पृष्ठभागावरचा दाब. पायाखालच्या मातीवर किती ताण येतो याचा अंदाज घेताना स्थापत्य अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : जितके खोल जावे, तितकी भार पेलणाऱ्या जागेची लांबी आणि रुंदी वाढते असे धरायचे. साठ सेंटिमीटर खोलीवर आपल्या लांब गाडीचा १७८ गुणिले ३८ चा पट्टा २३८ गुणिले ९८ होतो आणि दाब येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ ग्रॅम. आता स्की घातलेला ८० किलोचा माणूस घ्या. दोन्ही स्की मिळून १७० गुणिले २० सेंटिमीटर. पृष्ठभागावर त्याचा दाब सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे गाडीच्या निम्म्याला टेकणारा. साठ सेंटिमीटर खाली तो उरतो सुमारे साडेचार ग्रॅम, गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. थर जितका खोल, तितके रुंदीचे महत्त्व घटते आणि एकूण वजनाचे वाढते. पट्टा लांब करून गाडी वर तरंगली. खालच्या थराला मात्र साडेतीनशे किलो कळतातच. शिवाय गाडी चढावर अडली की पट्टा बर्फ उकरत त्या थराकडे स्वतःच जातो.

२८ डिसेंबर २००८ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नीजवळ स्पारवुड गावचे अकरा जण स्नोमोबाइल घेऊन डोंगरात गेले होते. स्खलनात काही गाडले गेले. उरलेले त्यांना उकरून काढत असतानाच वरून दुसरे स्खलन आले. आठ जण मेले. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच जगण्याची चांगली आशा असते, म्हणून सोबती थांबू शकत नाहीत. बाहेरची मदत तेवढ्या वेळात पोचत नाही.

म्हणून आता डोंगरात जाणारे अंगावर रेडिओ-संकेत देणारे यंत्र बांधतात, पाठीवर फावडे आणि घडीची लांब सळई घेतात. आणि एक नियम पाळावा असे सांगितले जाते : उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी तो कोसळला तरी बर्फ पोचणार नाही अशा जागी उभे राहायचे. त्याच प्रांतात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० रोजी कोणाची गाडी उतारावर सर्वांत वर जाते हे पाहायला सुमारे दोनशे माणसे जमली होती. ती उभी होती उताराच्या पायथ्याशी. उतार सुटला तेव्हा दोघे दगावले आणि तीसच्या आसपास जखमी झाले.